दार आतून उघडते तेव्हा

गोंदियाच्या राइस मिलमध्ये धान भरडले जाते तेव्हा तूस एकीकडे पडते, कोंडा दुसरीकडे जमा होतो आणि शेवटी हाती येतो तो दाणा. सारा खटाटोप त्या दाण्यासाठीच असतो. संगणकशास्त्राने आपल्या परिभाषेतले दोन महत्त्वाचे शब्द अशाच चित्रावरून घेतले आहेत. वापरणाऱ्याच्या हाताला लागते ते वरचे टरफल म्हणजे ‘शेल’ आणि आतला दाणा म्हणजे ‘कर्नेल’. मराठीत तोच शब्द ‘कर्नल’ असा लिहिला की डोळ्यांसमोर लष्करी अधिकारी उभा राहतो. ती कल्पनाही अगदीच चुकीची म्हणता येणार नाही, कारण संगणकातली सारी हुकमत या कर्नेलकडेच असते. स्मृतीतील जागा कोणत्या प्रोग्रामला द्यायची, डिस्कवर कोणी लिहायचे आणि महाजालावर कोणी बाहेर पडायचे, हे तोच ठरवतो. यातला तिसरा अधिकार सर्वांत कमी वापरला जातो. त्याची किंमत काय पडते, हे समजून घेण्यासाठी धानाच्याच जिल्ह्यातला एक साधा संगणक डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरेल.

भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या आठ तालुक्यांच्या गोंदिया जिल्ह्यात धान हेच मुख्य पीक. पण गिरणीत जाण्याआधी हे धान आता संगणकातून जाते. आधारभूत किमतीने ते विकायचे असेल, तर शेतकऱ्याला सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पुढचे मोजमाप आणि चुकारे त्या नोंदीवरच अवलंबून असतात. अर्जुनी मोरगाव किंवा देवरी तालुक्यातील खरेदी केंद्रावर टेबलावर ठेवलेला संगणक हा वरकरणी टंकलेखन यंत्राचा वारसदार वाटतो. प्रत्यक्षात शेकडो कुटुंबांच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा धागा त्यातून गेलेला असतो. त्यातल्या नोंदी कोणी कुलूपबंद केल्या किंवा खातेक्रमांक गुपचूप बाहेर नेले, तर त्याचा फटका मुंबई-पुण्यातल्या एखाद्या कार्यालयापेक्षा इथे अधिक खोलवर बसेल.

अशा संगणकाच्या रक्षणाचा विचार सुरू झाला की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘आत कोण शिरेल?’ हा. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. घरफोडीत चोर आत आला यापेक्षा ऐवज घेऊन बाहेर गेला, हे अधिक महत्त्वाचे असते. संगणकाच्या बाबतीत तर आत आलेल्या चोराचे पहिले कामच बाहेर संपर्क साधण्याचे असते.

मंत्रालयातला ‘लॉकी’

मे २०१६ मध्ये मुंबईत मंत्रालयातील महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांचे सुमारे दीडशे संगणक ‘लॉकी’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने बाधित झाल्याच्या बातम्या आल्या. लॉकी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत प्रथम जगासमोर आला होता. त्याची कार्यपद्धती पाहिली की बाहेर जाणाऱ्या जोडणीचे महत्त्व आपोआप उलगडते.

लॉकीचा सर्वाधिक प्रचलित मार्ग ई-मेलचा होता. एखाद्या बिलाच्या नावाखाली वर्डची फाइल यायची. ती उघडून ‘मॅक्रो’ चालू करण्यास परवानगी दिली की त्यातील छोटासा कोड महाजालावर जाऊन मूळ प्रोग्राम उतरवून घ्यायचा. ही पहिली बाहेर जाणारी जोडणी. उतरलेला प्रोग्राम लगेच फायलींना हात लावत नसे. तो आधी आपल्या मालकाच्या सर्व्हरशी बोलायचा, या संगणकासाठी वेगळी किल्ली मागून घ्यायचा आणि त्या किल्लीच्या बळावर फायली कुलूपबंद करायचा. ही दुसरी. सुरुवातीच्या आवृत्तीत ही किल्ली मिळाली नाही तर कुलूप लावण्याचे काम सुरूच होत नसे. म्हणजे प्रोग्राम आत आला, चालू झाला, विषाणूरोधकाच्या नजरेतून निसटला, तरीही त्याला एक फोन बाहेर लावावाच लागत होता. तो फोन लागला नसता तर फायली वाचण्याची शक्यता होती.

पण तो फोन लागत होता, कारण तो लागू नये अशी व्यवस्था जगातल्या बहुतेक संगणकांवर नव्हती आणि आजही नाही. कार्यालयाच्या सीमेवरची फायरवॉल बाहेरून येणाऱ्या अनाहूत जोडण्या अडवते. आतून सुरू झालेले संभाषण मात्र ती कायदेशीर मानते आणि त्याचे उत्तरही आत येऊ देते. तसे केले नाही तर कोणालाच कोणतेही संकेतस्थळ दिसणार नाही. दुष्ट प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे फार पूर्वी उमगले. भिंतीवर चढण्यापेक्षा आतल्या माणसाकडून दार उघडून घेणे केव्हाही सोपे.

नाक्यावरचा शिपाई आणि मिलचा गेटपास

मग सीमेवरच बाहेर जाणारी वाहतूकही का तपासू नये? मोठ्या संस्था ती तपासतातही. अडचण अशी की सीमेवरच्या यंत्राला फक्त पॅकेट दिसते. त्यावर कोणत्या पत्त्याहून निघाले, कोणत्या पत्त्याला आणि कोणत्या पोर्टवर चालले, एवढेच लिहिलेले असते. आतला मजकूर आता बहुधा गूढलिपीत असतो. गोंदियाहून छत्तीसगडकडे निघालेला मालट्रक देवरीच्या पुढे हद्दीवर थांबवला आणि त्यावर मोहोर असली, तर तपासणाऱ्याला ट्रकचा क्रमांक आणि मुक्काम वाचता येतो. माल कोणत्या गोदामातून, कोणाच्या सांगण्यावरून भरला, हे त्याला कळत नाही. ते कळते मिलच्या स्वतःच्या फाटकावर, जिथे गेटपास फाडला जातो.

संगणकातले ते फाटक म्हणजे कर्नेल. याचे कारण संगणकाच्या रचनेत आहे. साधा प्रोग्राम, मग तो ब्राउझर असो वा हिशेबाचे पॅकेज, नेटवर्क कार्डाला थेट हात लावू शकत नाही. प्रोसेसरच त्याला तशी मुभा देत नाही. प्रोग्रामला बाहेर बोलायचे असेल तर तो कर्नेलकडे अर्ज करतो. आधी ‘सॉकेट’ मागतो, मग ‘कनेक्ट’ ही आज्ञा देऊन अमुक पत्त्याशी जोडणी करून द्या असे सांगतो. या आज्ञेसरशी प्रोसेसर सामान्य अवस्थेतून विशेषाधिकाराच्या अवस्थेत जातो आणि सूत्रे कर्नेलकडे येतात. या क्षणी कर्नेलला सर्व काही ठाऊक असते: अर्ज कोणत्या प्रोग्रामने केला, तो डिस्कवरच्या कोणत्या फाइलमधून सुरू झाला, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालला आहे, त्याला कोणत्या प्रोग्रामने जन्म दिला आणि त्याला नेमके कुठे जायचे आहे. क्षणार्धानंतर पॅकेट तारेवर चढते आणि यातली जवळजवळ सगळी माहिती मागे राहते.

त्यामुळे ‘वर्डच्या पोटातून जन्मलेल्या कोणत्याही प्रोग्रामने महाजालावर जाऊ नये’ हा नियम सीमेवर लिहिताच येत नाही. संगणकाच्या आत तो लिहिता येतो. लॉकीच्या पहिल्या जोडणीवर नेमका हाच उपाय होता. पत्र टंकलिखित करणाऱ्या प्रोग्रामला, किंवा त्याने सुरू केलेल्या छोट्या कोडला, परक्या सर्व्हरवरून चालवण्याजोगी फाइल उतरवण्याचे कारण सहसा नसते.

लिनक्समध्ये ही तपासणी दोन टप्प्यांवर होऊ शकते. एक टप्पा पॅकेटचा. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ या आवृत्तीत ‘नेटफिल्टर’ ही चौकट कर्नेलमध्ये दाखल झाली. ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी तिचा पाया घातला. पॅकेटच्या प्रवासात तिने पाच ठिकाणी थांबे नेमले आणि त्यातला एक खास याच संगणकावर जन्मलेल्या, बाहेर निघालेल्या पॅकेटसाठी ठेवला. ‘आयपीटेबल्स’ वापरणाऱ्यांना तो ‘आउटपुट’ या नावाने परिचित आहे. तिथे पत्ता आणि पोर्ट यांच्या जोडीला पॅकेटचा मालक कोणता वापरकर्ता, हेही विचारता येते. प्रारंभी तर प्रोग्रामच्या नावावरूनही नियम करता येत असे. ती सोय पुढे काढून टाकावी लागली. एकापेक्षा अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर ती भरवशाने चालत नव्हती, हे एक कारण. शिवाय नाव ही ओळख नव्हे. दरोडेखोरानेही स्वतःचे नाव ‘फायरफॉक्स’ ठेवले तर त्याला कोण अडवणार?

दुसरा टप्पा अर्जाचा, म्हणजे ‘कनेक्ट’ या आज्ञेच्या क्षणाचा. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मध्ये सुरक्षा मॉड्यूलसाठी जागा करून देण्यात आली. एसईलिनक्स आणि अॅपआर्मर ही मंडळी त्याच जागेवर बसून प्रोग्रामचा अर्ज मंजूर वा नामंजूर करतात. अलीकडच्या काळात यात ‘ईबीपीएफ’ या तंत्राची भर पडली. प्रशासकाने लिहिलेला छोटा तपासनीस कोड कर्नेल आधी स्वतः पडताळून पाहतो. तो कधीच न संपणाऱ्या फेऱ्यात अडकणार नाही ना, भलत्या स्मृतीला हात लावणार नाही ना, याची खात्री पटल्यावरच त्याला आत बसू देतो. २०१८ पासून असा कोड थेट ‘कनेक्ट’च्या दारात बसवता येतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.७ मध्ये तर ‘लँडलॉक’ या सोयीमुळे एखादा साधा प्रोग्रामच स्वतःवर बंधन घालून घेऊ शकतो: यापुढे अमुक पोर्टखेरीज मी कुठेही टीसीपी जोडणी करणार नाही, अशी प्रतिज्ञा. एकदा केली की तो प्रोग्राम पुढे कोणाच्या ताब्यात गेला तरी कर्नेल ती मोडू देत नाही.

दोन्ही टप्पे लागतात. अर्जाच्या वेळी ‘कोण’ हे नीट कळते, पण काही प्रकारची पॅकेट ‘कनेक्ट’ न म्हणताच पाठवता येतात. त्यांच्यासाठी वेगळा पहारा हवा. पॅकेटच्या टप्प्यावर निसटलेले बरेच काही हाती लागते, पण तिथवर येईपर्यंत पाठवणाऱ्याची ओळख पुसट झालेली असते.

‘परवानगी द्यायची का?’

विंडोजची कथा यापेक्षा रंजक आहे आणि बहुसंख्य कार्यालयांसाठी अधिक जवळची. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्यासोबत फायरवॉल आपोआप चालू होऊ लागली. त्या काळात ही मोठी सुधारणा होती. परंतु ती फक्त आत येणाऱ्या जोडण्या अडवायची. बाहेर जाणाऱ्यांची चौकशी हवी असेल तर झोनअलार्मसारखा वेगळा प्रोग्राम बसवावा लागे. त्या वर्षांत संगणक वापरलेल्या अनेकांना तो आठवत असेल. दर काही मिनिटांनी एक चौकट उघडायची: अमुक प्रोग्राम महाजालावर जाऊ इच्छितो, परवानगी द्यायची का? प्रोग्रामचे नाव अगम्य, पत्ता आकड्यांचा आणि हातातले काम अर्धवट. चार-पाच चौकटींनंतर माणूस न वाचताच ‘होय’वर क्लिक करू लागे. तंत्र जिथे संपते आणि मनुष्यस्वभाव सुरू होतो, ती जागा ही.

हल्लेखोरांनीही त्यावर तोड काढली. आपला प्रोग्राम बाहेर पाठवण्याऐवजी ते परवानगी असलेल्या ब्राउझरच्याच पोटात आपला कोड घुसवू लागले. फाटकावरच्या माणसाला ओळखीचा चेहरा दिसायचा, बोलणारा मात्र भलताच असायचा.

पुढे विंडोज व्हिस्टासोबत मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म’ ही चौकट कर्नेलमध्ये आणली. कोणता प्रोग्राम जोडणी करू पाहतो, हे जोडणी होण्याआधी विचारणारा थर तिच्यात आहे. म्हणजे साधन तेव्हापासून प्रत्येक विंडोज संगणकात आहे, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. पण नव्या विंडोजमध्येही बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचा मूळ नियम ‘सर्वांना मुभा’ असाच असतो. लिनक्सच्या ‘आउटपुट’चा पूर्वनिश्चित नियमही तोच. उत्पादकांना याबद्दल दोष देणे सोपे आहे. पण उलट नियम ठेवला असता तर नवा संगणक घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी निम्मे ग्राहक दुकानात परतले असते.

कर्नेलच्या फाटकाची किल्ली शेवटी कोणाकडे, हा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलने मॅकची ‘बिग सर’ ही आवृत्ती आणली, तेव्हा अॅपलचे स्वतःचे काही प्रोग्राम वापरकर्त्याने बसवलेल्या फायरवॉलला वळसा घालून बाहेर जातात, असे जाणकारांच्या लक्षात आले. त्यांना तपासणीतून वगळणारी यादीच प्रणालीत ठेवलेली होती. टीका झाल्यावर २०२१ च्या आरंभी आलेल्या ११.२ या आवृत्तीत ती यादी काढण्यात आली. अँड्रॉइड फोनमध्ये तर याहून मौज आहे. प्रोग्रामला महाजालावर जाण्यासाठी ‘इंटरनेट’ ही परवानगी लागते आणि ती नसेल तर प्रणाली त्याला बाहेर पडू देत नाही. पण ही परवानगी सर्वसाधारण गणली गेल्याने ती वापरकर्त्याला न विचारताच दिली जाते. कॅमेऱ्यासाठी विचारणारा फोन बाहेर जाण्यासाठी विचारत नाही.

जिथे पहारा अपुरा पडतो

बाहेर जाणाऱ्या जोडण्या रोखल्या म्हणजे सारे भागले, असे मानणाऱ्यांसाठी मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ हा चांगला धडा होता. १२ मे रोजी जगभर पसरलेल्या या खंडणीखोराचा महाराष्ट्र पोलिसांच्या काही संगणकांनाही उपद्रव झाल्याचे वृत्त होते. हा प्रोग्राम सुरू होताच एका विचित्र, निरर्थक नावाच्या संकेतस्थळाशी जोडणी करून पाहायचा. जोडणी झाली तर तो गप्प बसायचा आणि झाली नाही तर कामाला लागायचा. एका संशोधकाने ते नाव नोंदवून घेतले आणि साथ मंदावली. पण ज्या संस्थांनी ‘धोकादायक पत्ता’ म्हणून ते नाव अडवले, त्यांच्या संगणकांवर वॉनाक्राय निर्धास्तपणे चालू राहू शकत होता. ते संकेतस्थळ अडवू नका, असे तज्ज्ञांना जाहीरपणे सांगावे लागले. बंदीने जीव वाचण्याऐवजी जाऊ शकतो, याचे इतके ठळक उदाहरण या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

लॉकीनेही स्थिर राहण्याचे नाकारले. २०१६ च्या जुलैपर्यंत त्याच्या अशा आवृत्त्या आल्या, ज्यांना किल्लीसाठी बाहेर फोन लावण्याची गरज उरली नाही. किल्ली त्या सोबतच घेऊन येत. पहिली जोडणी मात्र, म्हणजे प्रोग्राम उतरवून घेण्याची, तेव्हाही टळली नव्हती.

आणि मग पुण्यातील कॉसमॉस बँकेचे प्रकरण. ऑगस्ट २०१८ मध्ये ११ आणि १३ तारखेला मिळून बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या व्यवस्थेच्या जागी हल्लेखोरांनी तोतया ‘स्विच’ उभा केला आणि २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. दोन दिवसांनी ‘स्विफ्ट’ प्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. ‘स्विफ्ट’शी बोलणे हे बँकेच्या त्या प्रणालीचे रोजचे कामच. परवानगी असलेल्या वाटेने, परवानगी असलेल्या तोंडून खोटे बोलले जाते तेव्हा पत्ते तपासणारा दरवान काहीही करू शकत नाही. गेटपास खरा असतो, मजकूर खोटा असतो.

शिवाय दरवान स्वतः कर्नेलमध्ये बसतो, याचीही किंमत आहे. साध्या प्रोग्राममध्ये चूक झाली तर तो प्रोग्राम बंद पडतो. कर्नेलमध्ये चूक झाली तर संगणक बंद पडतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचे एक सदोष अद्ययावतीकरण विंडोजच्या कर्नेलमध्ये चालणाऱ्या तिच्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हल्लेखोर कोणी नव्हता, रक्षकाचाच पाय घसरला होता. ईबीपीएफमध्ये तपासनीस कोड आधी पडताळून घेण्याचा जो सोपस्कार आहे, त्याचे मोल अशा वेळी कळते.

हल्लेखोराने कर्नेलवरच ताबा मिळवला तर काय, हाही प्रश्न उरतो. मग फाटक त्याचे, गेटपासही त्याचा. ज्या कार्यालयात प्रत्येक जण ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणूनच काम करतो, तिथे हे अवघडही नसते. म्हणून आतला पहारा बसवला तरी सीमेवरचा काढायचा नसतो.

खरेदी केंद्रावरचा संगणक

या सगळ्या मर्यादा मान्य करूनही गोंदियातील त्या टेबलावर परत यावे लागते, कारण हा उपाय नेमका तिथेच सर्वांत चांगला लागू पडतो. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीतील अभियंता दिवसभरात शेकडो ठिकाणी जोडणी करतो. त्याला यादीत बांधणे म्हणजे रोजचे भांडण. खरेदी केंद्रावरच्या किंवा सेवा केंद्रावरच्या संगणकाचे बोलणे मात्र ठरलेले असते. नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ, अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राची सेवा, बँक, विंडोज आणि विषाणूरोधकाची अद्ययावतीकरणे, घड्याळाची वेळ आणि नावाचा पत्ता सांगणारी डीएनएस सेवा. यादी एका कागदावर मावते. या यादीबाहेर कोणत्याही प्रोग्रामला जाऊ द्यायचे नाही, असा नियम तिथे करता येतो. जगातल्या फार थोड्या संगणकांना हे भाग्य लाभलेले असते.

करताना घाई मात्र उपयोगाची नाही. पहिले काही आठवडे काहीही न अडवता फक्त नोंद ठेवावी लागते, म्हणजे खरोखर कोण कुठे जाते हे कळते. या नोंदीतच पुष्कळदा आश्चर्ये सापडतात: कोणी तरी कधी तरी बसवलेला टूलबार, फुकटचा व्हिडिओ प्लेअर, कोणाच्याही स्मरणात नसलेला दूरनियंत्रणाचा प्रोग्राम. त्यांना काढून टाकल्यावर यादी आकाराला येते. नियम पत्त्यावर बांधायचा की प्रोग्रामवर, हा खरा कळीचा निर्णय. नुसत्या पत्त्यावर बांधला आणि सरकारी संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलले, तर नेमके नोंदणीच्या शेवटच्या दिवशी पडदा कोरा राहील. बाहेर सातबारा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला फायरवॉलचे तत्त्वज्ञान ऐकवून उपयोग नाही. त्याचा दिवस बुडालेला असतो आणि मुदतही हुकू शकते. म्हणून ‘अमुक ठिकाणच्या, अमुक स्वाक्षरी असलेल्या ब्राउझरला जाऊ द्या, लेखन प्रोग्राम आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामांना कुठेही जाऊ देऊ नका’ या स्वरूपाचा नियम अधिक टिकाऊ ठरतो. डीएनएस तर सर्वांनाच लागते, आणि तिच्या प्रश्नांमध्ये दडवून माहिती बाहेर नेता येते हे जाणून ती एकाच विश्वासू सर्व्हरकडे बांधून ठेवावी लागते.

एक बारीक गोष्ट तंत्रज्ञही विसरतात. अडवलेल्या जोडणीला कर्नेल दोन प्रकारे वागवू शकतो. तात्काळ नकार देणे हा एक आणि पॅकेट निमूटपणे टाकून देणे हा दुसरा. बाहेरून येणाऱ्या अनोळखी पाहुण्यासाठी दुसरा मार्ग बरा, कारण त्याला काहीच कळत नाही. आतल्या प्रोग्रामसाठी तो त्रासाचा. प्रोग्राम उत्तराची वाट पाहत राहतो, पडद्यावर चक्र फिरत राहते आणि चालवणारा ‘आज साइट स्लो आहे’ असे म्हणून समोरच्या रांगेला संध्याकाळी यायला सांगतो. तात्काळ नकार मिळाला तर निदान बिघाड कुठे आहे, ते कळते.

नकाराची नोंद तर याहून मोलाची. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात आणि ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. पण घटना लक्षात येणार कशी? ज्या संगणकाला सहा-सात ठिकाणीच जाण्याची मुभा आहे, त्याच्या नोंदवहीत पहाटे तीन वाजता आठव्या ठिकाणी जाण्याचा, नाकारला गेलेला अर्ज दिसला, तर तो वाचणाऱ्याला वेगळा सल्लागार लागत नाही. ज्या संगणकाला कुठेही जाता येते, त्याच्या नोंदवहीत तीच ओळ हजारो ओळींमध्ये बुडून जाते.